मिनिटाला तीस शब्द

५ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने साक्षर कोणाला म्हणायचे हे आकड्यांत सांगितले. सोपा उतारा मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने मोठ्याने वाचायचा, मनातल्या मनात ३५ शब्दांच्या वेगाने. बघून लिहिताना मिनिटाला ७ शब्द, श्रुतलेखनात ५. शिवाय शंभरापर्यंत अंक आणि तीन अंकी बेरीज-वजाबाकी. नुसती सही येणे आता पुरणार नव्हते.

अशी मोहीम महाराष्ट्राला नवी नव्हती. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. अख्खे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. २ ऑक्टोबर १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम मात्र मानधनावरच्या केंद्रांचा होता आणि त्याला ती लोकचळवळीची धग आली नाही. ती आणली केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्याने. तिथे १९८९ च्या जानेवारीपासून हजारो स्वयंसेवकांनी विनामोबदला शिकवले आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला. पुढे हाच नमुना देशभर गेला: जिल्हा साक्षरता समिती, घरोघर पाहणी, एका स्वयंसेवकामागे साधारण दहा प्रौढ, तीन भागांची प्रवेशिका, म्हणजे वाचायला शिकवणारे पहिले पुस्तक, आणि सुमारे २०० तास.

साक्षरतेच्या निकषात वेगाला इतके महत्त्व का? वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात ध्यानात राहिली, तरच अर्थ लागतो, आणि ही तात्पुरती स्मृती काही सेकंदच टिकते. मिनिटाला ३० शब्द म्हणजे शब्दाला २ सेकंद, आठ शब्दांच्या वाक्याला १६. वेग १५ वर आला की तेच वाक्य ३२ सेकंद घेते. अक्षर न् अक्षर बरोबर वाचले जाते, पण हाती काही लागत नाही. अर्थ लागेना की माणूस वाचणे सोडतो आणि वर्षभरात होते तेही विसरतो. तीस हा काठावरचाच वेग आहे. म्हणून प्रवेशिका संपली तिथे थांबणे ही मोहिमेतली सगळ्यात महागात पडलेली चूक, असे आम्ही मानतो.

वय झाले म्हणून मेंदू शिकत नाही, हा समज मात्र खोटा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता नव्हता, थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागांपर्यंत पोचला होता.

अडते ते वेगळ्याच गोष्टींवर. पहिली चाळिशी. पंचेचाळिशीची बाई पुस्तक हातभर लांब धरते, म आणि भ यांत गोंधळते. त्या दोन अक्षरांत फरक फक्त डोक्यावरच्या गाठीचा, आणि तीच तिला दिसत नसते. शिकवणाऱ्याला वाटते, डोके चालत नाही. वर्ग सुरू करण्याआधी जवळच्या चष्म्याची तपासणी करून घ्या. दुसरी अडचण लिपीची. ग, म, भ, न एकत्र शिकवतात कारण चौघांनाही काना आहे. डोळ्याला फरक शोधायची सवय लागते. पण पहिली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. रफार याच्या उलट: ‘कर्ज’ आणि ‘अर्ज’ म्हणताना र आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र ज च्या डोक्यावर. प्रौढाला ज्या शब्दांची सर्वांत निकड, तेच सर्वांत अवघड. ते शेवटच्या धड्यासाठी राखू नका. पहिल्या आठवड्यापासून अख्खे शब्द चित्रासारखे ओळखू द्या.

नाशिक जिल्ह्यात बोलीचाही प्रश्न येतो. बागलाण-मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा. श्रुतलेखनात ‘डोळा’ सांगितले आणि अहिराणी बोलणारीने ‘डोया’ लिहिले, तर तिने स्वतःचा उच्चार अचूक टिपला आहे. त्यावर लाल फुली मारू नका. आधी ‘डोया’ वाचून घ्या, मग शेजारी ‘डोळा’ लिहा.

आणि हंगाम. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण येते. जूनमध्ये धरलेला वर्ग नेमका वाचनाचा वेग येऊ लागला की मोडतो. त्यावर उपाय म्हणजे वर्गाने माणसांच्या मागे जाणे: मुक्कामाच्या जागी एक शिकलेला सोबती नेमून द्यायचा, रोज दहा मिनिटे तोच उतारा तीनदा वाचून घ्यायचा आणि मोबाइलवर वेळ मोजायची. वेग ४५ च्या पुढे गेला की उतारा बदलायचा.

२०२२ पासूनच्या ‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातही स्वयंसेवकच शिकवतात. १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्यांची परीक्षा १५० गुणांची असते: वाचन, लेखन, अंकगणित प्रत्येकी ५०. आमचा आग्रह एवढाच, की सरावाला लासलगावच्या कांदा बाजारातली हिशोबपट्टी घ्या. १८ क्विंटल कांदा, भाव क्विंटलला १२५० रुपये, म्हणजे २२,५००. त्यातून कपात असेल ती वजा. जुन्या निकषातली तीन अंकी वजाबाकी इथे अपुरी पडते. पाच अंकी शिकवावी लागते, आणि पट्टी स्वतःची असली की शिकणारी बाई ती वजाबाकी दुसऱ्यांदाही करून बघते.