नाव खोडले तरी ओळख उरते: आरोग्याच्या डेटाची पार्श्वभूमी

नव्या औषधाच्या किंवा लशीच्या दुष्परिणामांच्या बातमीमागे आता लाखो रुग्णांच्या नोंदी असतात. त्या नोंदी ‘निनावी’ केल्याचे सोबत सांगितले जाते. पण निनावी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न गेली तीसेक वर्षे धसास लागलेला नाही.

1990च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनने सरकारी कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपचारांचा डेटा संशोधकांना दिला. नावे आणि पत्ते काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोड (तिथला पिनकोड) हे रकाने मात्र तसेच ठेवले होते. एमआयटीत शिकणाऱ्या लॅटान्या स्वीनी यांनी 20 डॉलरना केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही तक्ते या तीन रकान्यांवर जुळवून पाहिले. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार यादीत सहाच निघाले, त्यांतले पुरुष तीन आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांचे निदान आणि औषधे हाती लागायला एवढे पुरले. अमेरिकेतील 87 टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकमेव ठरतात, असा स्वीनी यांचा अंदाज होता. 2006 मध्ये फिलिप गॉल यांनी तो 63 टक्क्यांवर आणला. तरीही धोका मोठाच.

या प्रकरणाचा ठसा रुग्णांच्या माहितीविषयीच्या हिपा या अमेरिकी कायद्याच्या गोपनीयता नियमांवर स्पष्ट दिसतो. 2003 पासून बंधनकारक झालेल्या या नियमांत 18 प्रकारची ओळखचिन्हे काढण्याची एक पद्धत आहे. तारखांमधले फक्त वर्ष ठेवायचे. झिप कोडचे पहिले तीन आकडे ठेवता येतात, तेही त्या तीन आकड्यांच्या प्रदेशात 20,000 हून जास्त लोक राहत असतील तरच. 89 च्या पुढची सगळी वये ‘90 व अधिक’ या एकाच गटात टाकायची, कारण त्या वयाची माणसे मोजकीच असतात.

एवढे करूनही गळती होते. डॉक्टरांच्या मोकळ्या टिपणात गावाचे किंवा नातेवाइकाचे नाव राहून जाते. फोन नंबरचा नुसता हॅश, म्हणजे ठरावीक गणिती सूत्राने बनवलेला संकेत, काढून ठेवणे ही तर नेहमीची चूक. दहा आकडी नंबरांच्या शक्यता जेमतेम 10 अब्ज; साधा हॅश असेल तर संगणक त्या सगळ्या तपासून मूळ नंबर काढतो. शिवाय हिपा रुग्णालये आणि विमा कंपन्यांना लागू होतो, फोनमधल्या बहुतेक आरोग्य-अ‍ॅपना नाही. हे अनेकांना माहीतच नसते.

जनुकांनी पेच आणखी वाढवला. एखाद्याचा डीएनए हाती असेल, तर तो माणूस अमुक अभ्यासात सामील होता का, हे केवळ एकत्रित आकडेवारीवरूनही ओळखता येते, असे 2008 मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने असे तक्ते खुल्या वापरातून लगेच काढून घेतले. 2013 मध्ये यानिव्ह अर्लिख यांच्या गटाने आडनावासारख्याच वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरून आडनाव हुडकले आणि त्याला वय व राज्य जोडून सुमारे 50 निनावी सहभागींची ओळख पटवली.

तेव्हा डेटा बाहेर द्यायचाच नाही, हा मार्ग पुढे आला, आणि तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. ब्रिटनमधील ओपनसेफली या 2020 च्या प्रकल्पात संशोधक खोट्या नमुना डेटावर प्रोग्राम लिहितो. खऱ्या नोंदी जिथे आहेत तिथेच तो चालवला जातो आणि लहान आकडे झाकून तपासलेले निष्कर्ष तेवढे बाहेर येतात. कोविड मृत्यूंचा 1 कोटी 70 लाख प्रौढांवरील अभ्यास असाच झाला.

व्यक्तींनी स्वतःहून कंपन्यांना दिलेला डेटा या चौकटीत येत नाही. 2023 मध्ये लाळेवरून डीएनए तपासणाऱ्या 23अँडमी या अमेरिकी कंपनीची सुमारे 14,000 खाती दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डनी उघडली गेली आणि नातेवाईक शोधण्याच्या सुविधेमुळे 69 लाख लोकांची माहिती गेली. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा डेटा पुसण्याचा सल्ला अनेकांना मिळाला. असे खाते पुसताना हवा तो अहवाल आधी उतरवून घ्यावा, संशोधनाची संमती मागे घ्यावी, साठवलेला लाळेचा नमुना नष्ट करायला सांगावे आणि मग डेटा पुसण्याची विनंती करावी. पुष्टीच्या ईमेलमधील दुवा दाबेपर्यंत विनंती पुरी होत नाही. झालेल्या अभ्यासांत वापरला गेलेला डेटा परत येत नाही. आणि भावाबहिणींनी दिलेल्या नमुन्यातला सामाईक डीएनए तिथेच राहतो.