एलचीसाठी राजानं उठावं का?

'एलची' म्हणजे राजदूत. हा शब्द मराठीत फारसीमार्गे आला असला तरी मूळ तुर्की आहे. उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानाचा एलची युरोपात आला, की दरबाराला आधी त्याचा दर्जा ठरवावा लागे. कोणी कितपत सामोरं जायचं, कोणी उठायचं, सगळं त्यावर अवलंबून.

१६६९ साली फ्रान्सचा हिशेब इथंच चुकला. सुलतानाकडून आलेल्या सुलेमान आगासाठी ५ डिसेंबरला सां-जर्मेनच्या राजवाड्यात चौदावा लुई हिरेजडित पोशाखात बसला. सुलतानाचं पत्र राजानं उभं राहूनच घ्यावं, असा आगाचा हट्ट. लुई उठला नाही. पुढं पत्राचं भाषांतर झालं, तेव्हा कळलं की त्यात आगाला 'एलची' म्हटलेलंच नाही! थाट राजदूताचा, पाहुणा मात्र साधा निरोप्या. पत्रातली पदवी आधी वाचून घेतली असती, तर ही फजिती टळली असती.

खर्चाचा रिवाज वेगळाच होता. परका वकील सुलतानाच्या मुलखात आला, की त्याचा रोजचा शिधा सरकारातून सुटे. या शिध्याला तुर्कीत 'तायिन' म्हणत. आपला 'तैनात' त्याच अरबी मुळाचा. आपल्या एलचीलाही युरोपात असंच मिळावं, ही सुलतानाची रास्त अपेक्षा असे.

१७२० च्या नोव्हेंबरात सुलतानाचे एलची मेहमेद एफेंदी फ्रान्सच्या तुलाँ बंदरात उतरले तेव्हा शेजारच्या मार्सेयमध्ये प्लेगचं थैमान होतं. खुश्कीचा मार्ग बंद, म्हणून त्यांना समुद्रानं सेतकडे नेलं आणि मागलोनला क्वारंटाइनमध्ये ठेवलं. साथ यजमानाच्या घरात, आणि अडकून पडला पाहुणा! तिथून पुढं कालव्यानं तुलूझ. या वाटेवर बेझिएजवळ लॉकची, म्हणजे नाव वर चढवणाऱ्या दरवाजेबंद टाक्यांची, आठ पायऱ्यांची उतरंड आहे: मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी आत सोडायचं, नाव तरंगत वर आली की पुढचा उघडायचा. असं करत तेव्हा नाव सुमारे २१ मीटर चढे. एफेंदींनी आपल्या वृत्तांतात या कालव्याचं मन भरून वर्णन केलं आहे.

२१ मार्च १७२१ ला त्युलरी राजवाड्यात अकरा वर्षांच्या पंधराव्या लुईची भेट झाली. पण एफेंदींना खरं अवघडल्यासारखं झालं ते जेवताना. रमजानात ते रोजा सोडायला बसत, तेव्हा पॅरिसच्या बायका त्यांना पाहायला गर्दी करत. त्या बायकांना यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. फ्रान्सचे राजे स्वतःच लोकांसमोर जेवत.