महाकाय शिंपल्याची जात रंगावरून ठरत नाही
निळाशार तो मॅक्सिमा आणि तपकिरी तो स्क्वामोसा, ही महाकाय शिंपल्यांविषयीची जुनी समजूत चुकीची आहे. कवचाच्या कडेशी पसरलेल्या मांसल पडद्याचे रंग त्यातील प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींमुळे आणि ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे दिसतात, आणि एकाच जातीच्या, अगदी शेजारी वाढलेल्या दोन शिंपल्यांतही ते पूर्णपणे वेगळे असू शकतात. म्हणून आधी कवच पाहावे: स्क्वामोसावर मोठे, सुटे खवले उभे असतात, डेरासाचे कवच बरेचसे गुळगुळीत असते, तर प्रवाळखडकात स्वतःला कोरून घेणाऱ्या लहानग्या क्रोशियाच्या तळाशी, खडकाला धरून ठेवणारे तंतू बाहेर पडतात तिथे, रुंद फट असते. कवचही कधी अपुरे पडते, हे मान्य करायलाच हवे. मॅक्सिमात गणली गेलेली नोए ही जात २०१४ मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे पुन्हा स्वतंत्र मानली गेली.