बरणीतला चुंबक तिरका का हवा?

१० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्याकडून आलेला भारित कणांचा लोंढा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आसपास विषुववृत्तालगतच्या पट्ट्यातलं चुंबकीय क्षेत्र नेहमीपेक्षा जवळजवळ ४०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग). २००३ नंतरचं हे सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ. लडाखमधल्या हानले इथून आकाश तांबडं दिसलं, ते फोटो सगळ्यांनी पाहिले.

तेव्हापासून बरणीतला मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बदल टिपणारं घरगुती उपकरण, करून बघणारे बरेच जण भेटतात. रचना सोपी आहे. काचेच्या बरणीत धाग्याने आडवा चुंबक टांगायचा, त्याला आरशाचा बारीक तुकडा चिकटवायचा, लेझरचा किरण त्यावर पाडायचा आणि समोरच्या भिंतीवर ठिपका कुठे सरकतो ते बघायचं. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट किरण फिरतो, म्हणून हा खटाटोप. आणि तक्रारही ठरलेली : वादळ आलं, गेलं, ठिपका ढिम्म.

बरणीत खोट नसते. ही कृती ब्रिटन-नॉर्वेकडची आहे आणि तिथली वादळं वेगळ्या तऱ्हेची असतात. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात साधारण १०० किलोमीटर उंचीवर जोरदार विद्युतप्रवाह वाहतात, सतत जागा बदलतात आणि होकायंत्राची सुई चांगलीच डावी-उजवी हलवतात. आपल्याकडे मुख्य करामत असते ती वलयी प्रवाहाची. वादळात पृथ्वीभोवती, २०-३० हजार किलोमीटर उंचीवर, भारित कणांचं एक प्रचंड कडं तयार होतं. त्यात विद्युतप्रवाह पश्चिमेकडे वाहतो. अशा कड्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्या डोक्यावर दक्षिणेकडे रोखलेलं असतं, म्हणजे पृथ्वीच्या उत्तरेकडच्या क्षेत्राच्या बरोबर उलट. क्षेत्राची ताकद घटते, दिशा जवळपास तीच राहते. चर्चच्या शिखरावर धातूचा कोंबडा असतो ना, वाऱ्याची दिशा दाखवणारा? वारा पश्चिमेचाच राहून नुसता मंदावला तर कोंबड्याला काय कळणार! उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या चुंबकाचं तेच होतं.

उपाय इतका सुंदर आहे की मला त्यावरच सगळा लेख खर्च करावासा वाटतो. दुसरा एक चुंबक घ्या, तो बरणीच्या बरोबर पूर्वेला, पूर्व-पश्चिम आडवा ठेवा आणि हळूहळू जवळ सरकवा. टांगलेला चुंबक पूर्वेकडे वळू लागेल (पश्चिमेकडे वळला तर दुसऱ्या चुंबकाची टोकं उलटी करा). तो बरोबर ४५ अंशांवर, ईशान्येला आला की थांबा. आता पृथ्वीची उत्तरेची ओढ आणि तुमच्या चुंबकाची पूर्वेची ओढ सारख्या झाल्या. टॅन ४५ म्हणजे १, शाळेतलंच. इथून पुढे उत्तरेची ओढ किंचित जरी घटली तरी तोल बिघडतो आणि चुंबक पूर्वेकडे झुकतो.

किती झुकतो? महाराष्ट्रात क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला. ४५ अंशांच्या आसपास कोनातला फरक, रेडियनमध्ये, क्षेत्रातल्या सापेक्ष फरकाच्या (घट भागिले मूळ क्षेत्र) निम्मा येतो. ३०० नॅनोटेस्लाची घट म्हणजे ३०० भागिले ७६ हजार. आरशामुळे दुप्पट. भिंत ३ मीटरवर असेल तर ठिपका सुमारे २.४ सेंटीमीटर सरकतो. पट्टीने मोजता येतो!

(आकडेमोड नको असेल त्यांनी वरचा परिच्छेद खुशाल सोडावा, बरणी तरीही चालेल.)

या आकड्यांकडे बघून एक गोष्ट सांगायलाच हवी. ३०० नॅनोटेस्ला म्हणजे मूळ क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी. तरी 'आज रात्री मोबाइल बंद ठेवा, वैश्विक किरण येताहेत' हे व्हॉट्सॲपवर फिरतच राहतं. उत्तरेकडे डोकं करून झोपलं की रक्तातलं लोह खेचलं जातं म्हणणारेही आहेत. एमआरआयच्या यंत्रातलं दीड टेस्लाचं क्षेत्र आपल्याकडच्या या क्षेत्राच्या जवळजवळ ४० हजार पट असतं, आणि त्यातही रुग्णाचं रक्त डोक्यात गोळा होत नाही. वादळांचा खरा त्रास विजेच्या लांबलचक तारांना आणि उपग्रहांना होतो. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज ९ तास गेली होती.

आता बरणीचे शत्रू. पहिला तापमान. निओडिमियम चुंबक एका अंशाला साधारण ०.१ टक्का ताकद गमावतो, म्हणजे आपल्या मांडणीत जवळजवळ ४० नॅनोटेस्लाची चूक. रात्री खोली दोन अंशांनी गार झाली की बाहेरचा चुंबक थोडा जोरकस होतो, टांगलेला पूर्वेकडे झुकतो आणि ८० नॅनोटेस्लाचं खोटं वादळ हजर! दिवसा उलटं होतं, आणि तिथे आणखी घोळ आहे. शांत दिवशीही उन्हामुळे वरच्या वातावरणात प्रवाह वाहतात आणि आपल्याकडचं क्षेत्र दुपारपर्यंत काही दशक नॅनोटेस्लाने वाढतं. खोली तापली तरी ठिपका त्याच बाजूला जातो. फरक वेळेचा : क्षेत्राचा कळस ११-१२ च्या सुमारास, खोलीचा बहुधा तीन-चारला. म्हणून बाहेरचा चुंबक थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, शेजारी थर्मामीटर ठेवून दोन्हींची नोंद करा. धागा सुती नको. पावसाळी हवेत तो आपोआप पीळ सोडतो. रेशमाचा एकेरी धागा उत्तम.

दुसरा शत्रू लोखंड. लिफ्ट, गेट, खाली लागणारी मोटार. ठिपका झटक्यात सरकून तिथेच थांबला तर ती शेजाऱ्यांची गाडी समजा. वादळाची सुरुवातीची उसळीसुद्धा काही मिनिटं घेते. या बाबतीत मोठ्यांचीही सुटका झालेली नाही. १८५९ च्या महावादळात कुलाबा वेधशाळेने सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली होती. त्याच वेधशाळेचं चुंबकीय काम मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून अलिबागला हलवावं लागलं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी तिथली इमारत अचुंबकीय दगडात, लोखंड टाळून बांधून घेतली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत.

ज्यांना बरणी जुनाट वाटते त्यांनी आरएम३१०० हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडावा, अनेक वाचनांची सरासरी काढली की काही नॅनोटेस्लापर्यंत पोचता येतं. फोनमधल्या सेन्सरच्या नादी लागू नका. त्याची एकेक पायरीच शंभर नॅनोटेस्लाच्या घरातली.

आणि वादळ दिसलं तर लगेच बरणी उतरवू नका. घसरण काही तासांत होते, ठिपका पूर्वपदावर यायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस त्या खोलीत केर काढणाऱ्याला आधीच बजावून ठेवा.