सायनाइड मोजण्याआधी अल्क

रोमानियातील बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी सोन्याच्या खाणीचा गाळ साठवणाऱ्या तलावाचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी उपनद्यांवाटे टिसा नदीत व पुढे डॅन्यूबमध्ये गेले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. अशा वेळी पाण्यात सायनाइड किती आहे हे झटपट कळावे लागते, आणि ते मोजणाऱ्याच्या जिवालाही धोका होता कामा नये. माझ्या मते या दोन्ही गरजा एकाच गोष्टीने भागतात, ती म्हणजे नमुना भरपूर अल्कधर्मी ठेवणे.

पाण्यातील सायनाइड दोन रूपांत असते: विद्युतभारित सायनाइड आयन आणि हायड्रोजन सायनाइड. यातील हायड्रोजन सायनाइड अवघ्या २६ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते पाण्यातून सहज हवेत मिसळते आणि श्वासावाटे शरीरात जाते. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा) ९.२ च्या आसपास असताना दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. सामू ७ असेल तर ९९ टक्क्यांहून अधिक सायनाइड या उडून जाणाऱ्या रूपात असते, तर सामू १२ झाला की जवळपास सगळे आयनरूपात पाण्यातच राहते. म्हणून नमुना घेतल्याबरोबर त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १२ किंवा त्याहून वर नेतात आणि बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात.

सायनाइड मोजण्यासाठी नमुन्यात जो इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युतविभव टिपणारी दांडी, बुडवतात, त्यालाही नेमका हा आयनच दिसतो. त्याच्या टोकाशी सिल्व्हर आयोडाइड आणि सिल्व्हर सल्फाइड यांची दाबून बनवलेली गोळी बसवलेली असते. सायनाइड आयन त्या पृष्ठभागावरील चांदीला बांधून घेतो, आयोडाइड मोकळे होते आणि गोळीवरचे विद्युतविभव बदलते. सायनाइडची तीव्रता दहापट झाली की २५ अंशांना मिलिव्होल्टमधील वाचन सुमारे ५९ ने बदलते. याचा अर्थ एका मिलिव्होल्टची चूक झाली तर उत्तर सुमारे चार टक्क्यांनी चुकते. म्हणूनच प्रमाण द्रावणे (तुलनेसाठीची, तीव्रता आधीच माहीत असलेली द्रावणे) आणि नमुना या सर्वांचे तापमान, अल्काचे प्रमाण आणि ढवळण्याचा वेग सारखे ठेवण्याचा आग्रह धरावा लागतो. चुंबकीय ढवळणी यंत्र तापते, तेव्हा पेल्याखाली थर्मोकोलचा तुकडा ठेवणे ही छोटी गोष्टही महत्त्वाची ठरते.

या प्रक्रियेत गोळी हळूहळू झिजते, त्यामुळे प्रतिलिटर २६० मिलिग्रॅमच्या आसपासच्या तीव्र द्रावणात इलेक्ट्रोड फार वेळ बुडवून ठेवू नये. असा नमुना विरळ करून घ्यावा. सल्फाइड हा या मापनाचा मोठा शत्रू आहे. लेड ॲसिटेटचा कागद काळा पडला तर नमुन्यात सल्फाइड आहे हे ओळखून ते आधी काढून टाकावे लागते. लोखंडाशी घट्ट बांधलेले सायनाइड इलेक्ट्रोडला दिसतच नाही. ते मोजायचे तर नमुना आम्लात उकळून निघणारा वायू अल्कात शोषून घ्यावा लागतो, आणि हे काम फ्यूम हुडखाली (विषारी वायू बाहेर खेचून नेणाऱ्या कपाटात), प्रशिक्षित माणसाने, सोबत दुसरे कोणी असतानाच करावे. एरवी उघड्या टेबलावर अशा नमुन्यात आम्लाचा थेंबही पडू देऊ नये.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात सायनाइडची मर्यादा प्रतिलिटर ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि तिथे या इलेक्ट्रोडची क्षमता संपत येते. इतक्या कमी प्रमाणासाठी रंगमापन पद्धत, म्हणजे रसायन घातल्यावर येणाऱ्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवणे, अधिक भरवशाची आहे. इलेक्ट्रोप्लेटिंग आणि कोक भट्ट्यांच्या सांडपाण्यावर रोज लक्ष ठेवण्यासाठी मात्र तो उत्तम आहे, कारण गढूळ आणि रंगीत पाण्यातही तो वाचन देतो.

मोजून झालेले द्रावण सरळ मोरीत ओतू नये. त्यावर हायपोक्लोराइटची प्रक्रिया करतात, पण तेव्हाही सामू १० च्या वर राखावा लागतो. तो खाली आला तर सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू बाहेर पडू शकतो.