कतरिना: पाणी भिंतीवरून आलंच नाही

'समुद्रसपाटीखाली वसवलेलं शहर, पाचव्या श्रेणीचं वादळ, बुडणारच होतं!' 2005 मध्ये कतरिना चक्रीवादळात बुडालेल्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सबद्दल हे वाक्य तेव्हापासून फिरतंय. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

29 ऑगस्टला कतरिना किनाऱ्यावर आलं तेव्हा ते पाचव्या, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीवरून तिसऱ्या श्रेणीवर उतरलं होतं आणि त्याचा डोळा शहराच्या पूर्वेकडून गेला. शिवाय निम्मं शहर समुद्रसपाटीला किंवा तिच्या वर आहे.

मग 80 टक्के शहर पाण्याखाली कसं गेलं? शहरातल्या सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याची, मातीच्या बांधावर उभी असलेली पूररोधक भिंत बघा. ती कोसळली तेव्हा पाणी तिच्या माथ्यापासून चार-पाच फूट खालीच होतं! पाण्याच्या रेट्याने भिंत कलली, तिच्या आणि बांधाच्या मातीमध्ये फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि मऊ चिकणमातीवरून बांधाचा अख्खा तुकडा सरकला. भिंतीखाली जमिनीत ठोकलेले आधाराचे पोलादी पत्रे पुरेसे खोल गेलेलेच नव्हते. लंडन अव्हेन्यू कालव्याचीही तीच गत, तिथे फक्त चिकणमातीऐवजी वाळू. इंडस्ट्रियल कालव्यावर मात्र पाणी खरोखरच माथ्यावरून गेलं, तेवढं मान्य.

या भिंती बांधल्या होत्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने. रचनेतल्या चुकांची कबुली त्यांनीच 2006 मध्ये दिली.