चुकांची नोंद जास्त, म्हणून वॉर्ड वाईट?

एका वॉर्डात महिनाभरात औषधांच्या २ चुका नोंदल्या गेल्या, शेजारच्या वॉर्डात १२. सुरक्षित कोणता? अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात उत्तर अनपेक्षित आले. जिथे प्रमुख परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होते, तिथेच चुकांच्या नोंदी अधिक होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका दडपल्या जात असाव्यात, असा त्यांनी अर्थ लावला.

म्हणून परिचारिकांचा सुरक्षेबाबतचा दृष्टिकोनही मोजला जातो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत सांघिक काम, सुरक्षेचे वातावरण, कामातले समाधान, ताणाची जाणीव, व्यवस्थापन आणि कामाची परिस्थिती असे ६ भाग असतात. ‘पूर्ण असहमत’ला ०, ‘पूर्ण सहमत’ला १०० गुण, सरासरी ७५ किंवा अधिक आली तर दृष्टिकोन सकारात्मक धरतात. यातला ताणाचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. ‘काम फार वाढले की माझी कामगिरी घसरते’ याला होकार देणाऱ्या परिचारिकेला इथे जास्त गुण मिळतात. थकव्याचा आपल्यावर परिणाम होत नाही असे मानणारी व्यक्ती दुसऱ्याला तपासायला सांगत नाही, आणि धोका तिथेच असतो.

दृष्टिकोन चांगला असला तरी कामाची रचना आड येतेच. सिडनीतल्या २ रुग्णालयांत ९८ परिचारिकांना औषधे देताना पाहिले गेले. दर व्यत्ययामागे औषध देण्याच्या पद्धतीतल्या त्रुटी सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. औषध काढणाऱ्या परिचारिकेला मध्येच हाक मारणे साधे वाटते, पण मोजणी तिथेच तुटते.

दुहेरी तपासणीचे, म्हणजे एकीने तयार केलेले औषध दुसऱ्या परिचारिकेने तपासण्याचे, उदाहरण घ्या. ५० मिलीमध्ये ५० युनिट इन्सुलिन, म्हणजे १ मिलीत १ युनिट. तासाला २.५ युनिट द्यायचे तर औषध ठरलेल्या गतीने शिरेत सोडणाऱ्या पंपावर तासाला २.५ मिली लावायचे. दशांश चिन्ह सुटले की २५ होतात आणि रुग्णाची साखर धोकादायक पातळीला उतरते. ‘अडीच लावलंय, बघ बरोबर आहे ना?’ असे विचारले की दुसरी बहुतेक वेळा मान डोलावते, कारण उत्तर आधीच कानावर पडलेले असते. तिने डॉक्टरांची लेखी सूचना स्वतः वाचावी, हिशेब वेगळा करावा, मग पंपावरचा आकडा पाहावा. आकडे जुळले नाहीत तर पंप सुरू करायचा नाही, समोर कितीही वरिष्ठ असो. अशी वेळीच पकडलेली चूकही नोंदवायची, आणि नोंदीत नावाआधी कारण लिहायचे: पंपाच्या पडद्यावर दशांश चिन्ह दिसत नव्हते का, की त्याच क्षणी कोणी हाक मारली होती?